मयताची जिंदगी

आपल्या रामाकोना-सौंसर पट्ट्यातल्या घरांत एकच शब्द दोन अर्थांनी नांदतो. शाळेत हिंदी शिकलेल्या लेकराला 'जिंदगी' म्हणजे आयुष्य एवढेच ठाऊक असते. त्याच घरातल्या ट्रंकेत एखादे जुने मराठी वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र पडलेले असते. त्यात 'माझी स्थावर-जंगम जिंदगी' असे शब्द असतात आणि तेथे जिंदगी म्हणजे मालमत्ता: वाडा, शेत, बैलजोडी, भांडीकुंडी, सोनेनाणे, येणे आणि देणे. एका भाषेत माणूस जगतो ती जिंदगी, दुसऱ्या भाषेत माणूस मागे ठेवून जातो ती जिंदगी. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या शब्दापाशी थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. मागे उरलेल्या जिंदगीच्या कागदावरून माणूस जगला ती जिंदगी कळते काय? आणि कळली तर त्या कळण्याने आपल्यावर काही जबाबदारी येते काय?

हा प्रश्न आज कोणी हौसेने उकरून काढलेला नाही. नागपूर, पुणे, इंदूर आणि त्याहूनही दूर गेलेली आपली मुले-नातवंडे अलीकडे घराण्याचा इतिहास विचारू लागली आहेत. पणजा कोण होता, खापरपणजा कोठून आला, आडनाव कसे पडले, वावर किती होते, ही विचारपूस आता घरोघर चालते. ती चांगलीच गोष्ट आहे. पण वंशावळ शोधायला निघालेल्या माणसाला कोणत्या वहीत काय सापडते आणि काय सापडत नाही, याचा विचार त्याने आधी करावा असे मला वाटते.

आपल्याकडे त्याला मुख्यतः तीन तऱ्हेच्या वह्या भेटतात. पहिली तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायाची. त्र्यंबकेश्वरी, गयेला किंवा प्रयागला जो गेला त्याचे नाव, गाव आणि पूर्वजांची नावे तेथे लिहिली गेली. ही श्रद्धेची वही. दुसरी कोटवाराच्या सांगण्यावरून ठाण्यात झालेली जन्म-मृत्यूची नोंद. तीत मालगुजाराचे लेकरूही आले आणि सालदाराचेही आले. ही गावाची वही. तिसरी मात्र माणूस मेल्यावर त्याने काय ठेवले याची मोजदाद करणारी, म्हणजे वारसाच्या दाखल्याची, मृत्युकराची, फौती नामांतरणाची. ही सरकारी वसुलीची वही. वंशावळीच्या दृष्टीने सर्वांत तपशीलवार वही हीच असते, आणि नैतिक दृष्टीने सर्वांत अवघडही हीच.

वसुलीची वही तपशीलवार का असते? कारण सरळ आहे. श्रद्धेच्या वहीत एखादे नाव राहिले तर कोणी भांडत नाही. वसुलीच्या वहीत एक नाव राहिले की हक्क जातो, आणि एक वस्तू राहिली की सरकारचा पैसा बुडतो. म्हणून दोन्ही बाजूंची नजर त्या कागदावर असते. इंग्लंडात १७९६ साली मृत्युपत्राने मिळणाऱ्या देणग्यांवर कर बसला आणि तेव्हापासून १९०३ पर्यंतच्या मृत्युकराच्या नोंदवह्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेल्या आहेत. तेथे नाते जितके दूरचे तितका कराचा दर जास्त असे. साहजिकच प्रत्येक वारसाचे मयताशी नाते काय, हे कारकुनाला लिहून घ्यावेच लागे. आज तिकडची माणसे आपले पूर्वज शोधताना याच वह्या उलटतात. १९४२ साली बॉम्बवर्षावात एक्झिटर येथील मृत्युपत्रांचे दप्तर जळून गेले. परंतु करखात्याने १८१२ ते १८५७ या काळातल्या मृत्युपत्रांच्या नकला स्वतःसाठी काढून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. ज्या कराला लोकांनी शिव्या दिल्या असतील, त्याच्याच दप्तराने त्यांच्या आज्या-पणज्यांचे शेवटचे शब्द राखले. याच वह्यांत दुसरीही एक गोष्ट आढळते. लग्नाबाहेरच्या मुलाला बापाने काही दिले तर त्यावर परक्याला लागणारा सर्वांत चढा दर लागे. बापाने ज्याला लेक म्हणून दिले, त्याला सरकारने परका म्हणून लिहिले. वही खरी, पण ती कोणाच्या प्रश्नाला उत्तर देते हे पाहावे लागते, ते असे.

हा धडा आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही. कालिदासाच्या शाकुंतलात सहाव्या अंकात अमात्याचा एक कागद दुष्यंतापुढे येतो. धनमित्र नावाचा समुद्रावर व्यापार करणारा सावकार नाव बुडून मेला, त्याला मूल नाही, तेव्हा त्याचे सारे धन राजाकडे जमा होते, असा त्या कागदाचा आशय. आजच्या भाषेत ते एक मृत्युकराचे प्रकरणच होय. दुष्यंत स्वतः निपुत्रिक असल्याच्या दुःखात बुडालेला. तो विचारतो, इतका धनवान माणूस, त्याच्या अनेक बायका असतील, त्यांपैकी कोणी गरोदर आहे काय? चौकशी होते. एकीचे पुंसवन नुकतेच झाले असल्याचे कळते. मग राजा सांगतो की गर्भातले मूलच त्या धनाचे वारस. कागद तोच, मयत तोच, धन तेच. अमात्याने 'सरकारात किती जमा होते' एवढे पाहिले, राजाने 'मागे कोण उरले' हे विचारले.

आणि या दोन प्रश्नांतले अंतर आपल्या मुलखाने फार महाग मोजून शिकलेले आहे. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले औरस पुत्रावाचून वारले. आपला हा छिंदवाड्याचा मुलूख तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. डलहौसीने अमात्याचा प्रश्न विचारला, राजाचा विचारला नाही. राण्यांचा दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ साली राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातले जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. लिलावाच्या यादीतून राजघराण्याची जिंदगी कळते, पण तेथे राहणाऱ्या बायकांची जिंदगी त्यानंतर कशी गेली, ते त्या यादीला विचारून कळणार नाही.

राज्य गेले आणि त्याच इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात गावोगावच्या मालगुजारांना मालकीहक्क दिले. काल जो सारा वसूल करून भरीत होता तो आज गावाचा मालक झाला. म्हणजे ज्याला आपण 'वडिलोपार्जित' म्हणतो त्यातले पुष्कळसे या एका दशकात कागदावर वडिलांचे झाले. त्याआधी देवगडच्या गोंड राजांच्या काळापासून जी माणसे या माळरानावर आणि कन्हान खोऱ्यात नांदत होती, त्यांतली कित्येक या कागदात कूळ म्हणून उतरली आणि कित्येक उतरलीच नाहीत. पुढे १९५०च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, मोबदल्याची प्रकरणे झाली आणि कागदांचा आणखी एक थर जमला.

मध्यंतरी मालमत्तेबरोबर तिच्या वारसाचे कागदही वाढत होते. १८७०च्या कोर्ट फी कायद्याने मृत्युपत्राच्या प्रमाणपत्रावर आणि वारसाच्या दाखल्यावर फी ठरवली. त्या कायद्यात मालमत्तेची किंमत सांगण्याचा जो नमुना आहे तो प्रत्येकाने एकदा वाचावा. त्यात दोन याद्या आहेत. पहिलीत घरातली रोकड, भांडी, कपडे, पुस्तके, दागिने, घरे, जमिनी, रोखे, गहाणावर दिलेला पैसा, दुकानातला माल, लोकांकडून येणे. दुसरीत त्यातून वजा करायचे ते: मयताने देणे असलेली कर्जे, अंत्यविधीचा खर्च, गहाणाचा बोजा, आणि मयताजवळ असले तरी त्याचे नसलेले, म्हणजे विश्वस्त म्हणून त्याने सांभाळलेले द्रव्य. माणसाच्या आयुष्याचा इतका कोरडा आणि इतका नेमका आराखडा एखाद्या चरित्रातसुद्धा क्वचितच मिळेल. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारसाचा दाखला मागताना मयत केव्हा वारला, कोठे राहत होता, त्याचे कुटुंबीय व जवळचे नातेवाईक कोण आणि ते कोठे राहतात, हे अर्जात लिहावे लागते. कोणाकडून किती येणे आहे याची यादीही द्यावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी, म्हणजे मराठीत मृत्युकर आणि हिंदीत संपदा शुल्क, सुरू झाली. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सनदी सेवेतूनच ते पुढे आलेले होते. मोठ्या मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात साचू नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रारंभी एक लाखापर्यंतच्या आणि अविभक्त हिंदू कुटुंबातल्या हिश्शापुरते पन्नास हजारांपर्यंतच्या मालमत्तेला माफी होती. पुढे सर्वांत वरच्या टप्प्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. मरणापूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसेही हिशोबात धरीत, कारण मरण जवळ आले की माणसे दानशूर होतात हे सरकारला ठाऊक होते. परंतु वसूल थोडा, वसुलीचा खर्च आणि कटकट मोठी. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंना हा कर उरला नाही. तो रद्द करताना त्याचे उत्पन्न सुमारे २० कोटी रुपयेच असल्याचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सांगितले होते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत वारसाकराचा विषय पुन्हा चर्चेला आला, तो तेवढ्यापुरताच.

साध्या कास्तकाराच्या घरी या कराचा कागद सापडणे कठीण. सापडलाच तर सावकार, जिनिंगवाले, व्यापारी आणि मोठे मालगुजार यांच्या घरी किंवा त्यांच्या वकिलाच्या दप्तरात. बाकीच्यांसाठी पटवाऱ्याची फौती नोंद, नामांतरण पंजी आणि मिसल बंदोबस्त. आपल्या भागाची गोष्ट तर अशी की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. त्यामुळे एकाच घराचे कागद दोन राज्यांत विखुरले. सावनेर-काटोलकडे दिलेल्या आत्याच्या घरी सातबारा आणि फेरफार, आपल्या घरी खसरा, बी-१ आणि नामांतरण. तिकडे तलाठी, इकडे पटवारी. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला, परंतु जुन्या नकलांसाठी छिंदवाड्याचे अभिलेखागार अजून विचारावे लागते. भाषा बदलली की मेलेल्या माणसाचे नावसुद्धा थोडे बदलते. एका कागदावरचा 'बाप्पूजी' दुसऱ्यावर 'बापूजी' होतो आणि तिसऱ्यावर नुसता 'बापू' उरतो. सीमेवरच्या माणसाला पूर्वज शोधताना दोन्ही कानांनी ऐकावे लागते, ते यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे कागद उघडावेत काय?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपल्याकडे म्हणतात. मयताची जिंदगी मोजणारा कागद नेमकी ही मूठ उघडतो. सोयरिकीच्या बैठकीत ज्याचा वाडा चौसोपी होता, त्याच्या देण्याच्या यादीत तो वाडा गहाण निघतो. ज्याचे नाव कंजूष म्हणून तीन पिढ्या घेतले गेले, त्याच्याजवळ विधवा भावजयीची ठेव तिच्या नावाने जशीच्या तशी लिहिलेली सापडते. कोणी म्हणेल, मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, मग त्याच्या पश्चात त्याच्या खिशात हात कशाला घालायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु कायद्याने याचा विचार आधीच केलेला दिसतो. नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणारा जिवंत असेतो दुसऱ्याला मिळत नाही. तो वारल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही ती मिळू शकते. जिवंतपणी माणसाची इच्छा ही त्याची खाजगी गोष्ट. तो गेल्यावर त्या इच्छेचे परिणाम इतरांवर होतात, म्हणून ती उघडी. मला हा भेद न्याय्य वाटतो. माणसाचे मन त्याच्याबरोबर जाते, त्यात डोकावण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याचे व्यवहार मात्र मागे राहतात, आणि त्यांच्या सावलीत माणसे जगत असतात.

दुसरी शंका अशी की हे कागद खरे तरी असतात काय? करासाठी सांगितलेली किंमत नेहमी खालची असते. सोने अर्धे होते, बागेतली संत्र्याची झाडे कमी होतात, सावकारीतली बुडीत खाती अचानक वाढतात. उलट घरातल्या आख्यायिकेत सारेच वाढलेले असते. सरकारपुढे आपण जितके गरीब होतो तितकेच लग्नमंडपात श्रीमंत होतो. म्हणून रुपयांच्या आकड्यावर फार विसंबू नये. पण नावे, नाती, तारखा आणि गावे यांवर बरेचसे विसंबता येते, कारण तेथे खोटे बोलल्यास भाऊबंद गप्प बसत नाहीत. आणि खोट्या आकड्यातूनही एक खरी गोष्ट कळते, ती म्हणजे बाप जाऊन दिवस उलटत नाहीत तोच थोरल्या मुलाला सरकारपुढे उभे राहून भांडी मोजावी लागली. तो आकडा लिहिताना त्याचा हात कसा चालला असेल, याचा विचार करणाराच तो कागद नीट वाचू शकतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या कागदांत कोण नाही? ज्याने काही ठेवले नाही तो नाही. मुली पुष्कळदा नाहीत, किंवा असल्या तर खोडण्यापुरत्या. १९३७च्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळू लागला, १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस केले, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अविभक्त कुटुंबाच्या मालमत्तेतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला. तरी फौती नोंदीत बहिणीची नावे चढतात आणि लगेच हक्कत्यागाच्या, तिकडच्या भाषेत हक्कसोडीच्या, कागदाने उतरतात. वंशावळीच्या झाडावर मुलीची फांदी काढायची नाही अशी रीतच होती. पण गंमत पाहा, वारसाच्या दाखल्याच्या अर्जात जवळचे नातेवाईक आणि त्यांचे राहण्याचे ठिकाण लिहावे लागते, तेथे हीच मुलगी नवऱ्याच्या नावानिशी आणि सासरच्या गावानिशी हजर होते. तीर्थोपाध्यायाच्या वहीने आणि भाटाच्या तोंडाने जिला वगळले, तिला वसुलीच्या वहीने लिहून ठेवले. घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने या पानाचे ऋण मानावे आणि आपल्या झाडावर ती फांदी काढावी. हक्क सोडणाऱ्या आत्याने हक्क सोडला होता, नाते सोडले नव्हते.

आणि ऋणको? मयताला येणे असलेल्या रकमांची यादी ही गावाची दुसरी वंशावळ असते. समजा, १९४०च्या दशकातली अशी एखादी नक्कल घरात सापडली. तीत वीस-पंचवीस माणसांची नावे आहेत, बापाच्या नावासह, गावासह, काही ठिकाणी जातीसह. रकमा लहान लहान. बहुधा बी-बियाण्यासाठी, बैलासाठी, लेकीच्या लग्नासाठी घेतलेल्या. मध्यप्रांतात १९३३ सालीच कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला, एवढे कर्ज त्या काळी खेड्यांवर होते. यादीतल्या ज्या नावांपुढे वावर गहाण आहे त्यांतले एखादे वावर आज आपल्याच बांधाच्या आत आहे, हेही त्या कागदावरून कळू शकते. मग काय करायचे?

मुदतीचा कायदा सांगतो की हा विषय संपला. जुने हिंदू धर्मशास्त्र एवढ्या सहज संपवीत नाही. मिताक्षरेप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे, नातवाचे आणि पणतवाचे पवित्र कर्तव्य होते, मात्र ते ऋण जुगार-व्यसनासारख्या अनीतीचे असू नये. २००५च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरते हे बंधन काढून टाकले, आणि व्यवहारात ते योग्यच झाले, कारण बापाच्या चुकीने लेकरू बुडू नये. पण त्या जुन्या कल्पनेमागे एक शहाणपण होते. ज्याच्या नावाने पिंड द्यायचा त्याची जिंदगी निवडून निवडून घेता येत नाही. वाडा आमचा आणि गहाण त्याचे, सोने आमचे आणि ठेव बुडवली ती त्याने, असे म्हणता येत नाही. घ्यायची तर दोन्ही याद्या घ्यायच्या. कोर्ट फीच्या नमुन्यात वजाबाकीची यादी आहे, तशी ती आपल्या घराण्याच्या अभिमानातही असली पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येकाने शंभर वर्षांपूर्वीचे वावर परत करायला निघावे असा मी लावीत नाही. मधल्या काळात जमिनी विकल्या गेल्या, तुकडे झाले, कित्येक ऋणकोंची घरे सावकारापेक्षा पुढे गेली. आजोबांनी काय केले याची शिक्षा नातवाला नको. पण नातवाला ज्ञान झाले, तेव्हा त्या ज्ञानाची जबाबदारी त्याची स्वतःची आहे, आजोबांची नाही. ती पार पाडण्याचे मार्ग साधे आहेत आणि आपल्यासारख्या माणसांच्या हातातले आहेत.

एक मार्ग सांगतो. मध्यप्रदेशात अनुसूचित जाती-जमातीचा दाखला काढताना कुटुंब १९५० साली येथेच राहत होते याचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याच्या नावावर कधी जमीनच नव्हती, जो शाळेत गेला नाही, त्याने १९५० चा कागद कोठून आणायचा? अशा माणसाचे नाव कित्येकदा एकाच ठिकाणी लिहिलेले असते, आणि ते ठिकाण म्हणजे दुसऱ्याच्या मयत बापाच्या येण्याची यादी. जो कागद एका घराला 'आमचा पणजा किती मोठा' हे सांगतो, तोच कागद दुसऱ्या घराला 'तुमचा पणजा येथेच राहत होता' एवढे सांगू शकतो. एवढ्यावरच काम होईल असे नाही, पण जोडपुरावा म्हणून ते पान उपयोगी पडू शकते. ते पान ज्याच्या ट्रंकेत आहे त्याने ते दाबून ठेवावे काय? माझ्या मते ठेवू नये. पारावर नेऊन मोठ्याने वाचूही नये, कारण कर्ज ही कोणाच्याही घरची नाजूक गोष्ट असते. त्या घरी जावे, चहा घ्यावा, नक्कल हातात द्यावी. जे नाव आपल्या बापजाद्यांनी वसुलीसाठी लिहिले ते आपण ओळखीसाठी परत दिले, तर व्याज नाही तरी मुद्दल काही अंशी फिटते.

जिवंत माणसांना लागणाऱ्या गोष्टींबाबत मात्र जपावे. एखाद्या कागदात कोणाचे दत्तक होणे, दुसरे लग्न, तुटलेला संबंध असे काही निघाले तर ते प्रथम ज्याचे त्याला सांगावे आणि पुढे सांगायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. मयताचे व्यवहार सर्वांचे, पण जिवंताची लाज त्याची एकट्याची. वंशावळीचा शोध म्हणजे चावडीवरची चौकशी नव्हे.

आणि ज्यांच्या घरी असा एकही कागद नाही त्यांचे काय? ती घरे आपल्याकडे जास्त आहेत. आज्याने काही ठेवले नाही म्हणून सरकारने मोजले नाही, आणि मोजले नाही म्हणून लिहिले नाही. त्यांच्या वाट्याला कोटवाराच्या सांगण्यावरून झालेली एक ओळ येते: अमक्याचा मुलगा जन्मला, अमका वारला. आपल्या गावांत जमिनीचा कागद मालकाने जपला आणि माणसांची नोंद बहुधा स्वतः गरीब असलेल्या कोटवाराने करवली, हे विसरू नये. बाकी सारे बोलण्यात आहे. कापसाच्या वेचणीला कोण कोठून येई, नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ पर्यंत धावत होती तेव्हा तिने कोण परगावी गेले आणि परतले नाही, कोणत्या विहिरीचे पाणी कोणाच्या हाताने लागले, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. त्याला कोर्ट फीचे तिकीट लागत नाही, मात्र त्या माणसांचा दिवस मावळण्याआधी जाऊन बसावे लागते.

या दिवाळीला सारी भावंडे घरी जमली की ट्रंक उघडावी. कागद उन्हात न टाकता सावलीत पसरावेत, मोडीतले असतील तर जाणकाराला दाखवावेत, प्रत्येकाची एक नक्कल काढावी. एक नक्कल आत्याच्या घरी सीमेपलीकडे पाठवावी. येण्याच्या यादीतली नावे वेगळ्या कागदावर उतरवावीत आणि त्यांच्या घरची माणसे आज कोठे आहेत ते विचारावे. देण्याची यादी मुलांना वाचून दाखवावी, वाड्याची गोष्ट सांगतो तितक्याच मोकळेपणाने. एवढे केल्यावर जे हाती येईल त्याला हिंदीत म्हणा की मराठीत, मयताची जिंदगी म्हणायला हरकत नाही.